विश्लेषण : थॉमस कपमधले ‘थॉमस’ कोण? २१ ऑल इंग्लंड विजेतेपदे, त्यांपैकी १७ जोडीने!

१५ मे २०२२. बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० असे हरवून पहिल्यांदा थॉमस कप जिंकला. त्या रात्री मोबाइलवर फिरलेल्या फोटोंमधला चषक सगळ्यांनी पाहिला. पण त्यावर ज्यांचे नाव आहे, ते सर जॉर्ज थॉमस कोण, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. काहींना ते संघटनेचे पदाधिकारी वाटतात, काहींना देणगीदार. दोन्ही खरे आहे. पण त्याआधी ते खेळाडू होते, आणि तेही मुख्यतः दुहेरीचे.

किती जिंकले?

जन्म १४ जून १८८१ चा, तुर्कस्तानात, आजच्या इस्तंबूलजवळच्या थेरपिया गावातला. घराणे इंग्रज. ‘बॅरोनेट’ ही वंशपरंपरागत पदवी १९१८ मध्ये त्यांच्याकडे आली आणि ते ‘सर’ झाले.

बॅडमिंटनची तेव्हाची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे ऑल इंग्लंड. ती १८९९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त दुहेरीचे सामने होते, एकेरी पुढच्या वर्षी आली. म्हणजे आज ज्या दुहेरीचे सामने टीव्हीवर निम्मे लोक सोडून देतात, तीच त्या काळी मुख्य गोष्ट होती. थॉमस घडले ते या वातावरणात. त्यांनी इथे २१ विजेतेपदे मिळवली : पुरुष दुहेरीत ९, मिश्र दुहेरीत ८ आणि एकेरीत ४. हा आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही.

जोडीदार बदलले, थॉमस राहिले

पहिले विजेतेपद १९०३ चे, मिश्र दुहेरीतले. सोबत एथेल थॉमसन होत्या. लग्नानंतर एथेल लारकोम्ब या नावाने याच बाईंनी १९१२ मध्ये विम्बल्डनची महिला एकेरी जिंकली. पुरुष दुहेरीत हेन्री मॅरेट यांच्या साथीने १९०६, १९०८, १९१० आणि १९१२. मग फ्रँक चेस्टर्टन यांच्याबरोबर १९१३ आणि १९१४.

नव्या जोडीदाराबरोबर नेटजवळ कोण राहणार, मधल्या शटलला कोण हात घालणार, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागते. कॉलेजच्या कोर्टवर कधी ऐन वेळी पार्टनर बदलला असेल, तर हे वेगळे सांगायला नको. थॉमस यांनी पुरुष दुहेरीची विजेतेपदे तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर मिळवली. यादीतली ही गोष्ट २१ या आकड्यापेक्षाही मोठी वाटते.

युद्धाने पाच वर्षे खाल्ली

१९१४ मध्ये ते ३२ वर्षांचे होते. त्या वर्षी पुरुष दुहेरी जिंकली आणि हेझल होगार्थ यांच्याबरोबर मिश्र दुहेरीही. मग पहिले महायुद्ध आले. १९१५ ते १९१९ ऑल इंग्लंड झालीच नाही. स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा थॉमस ३८ वर्षांचे होते.

इथे बहुतेकांची कारकीर्द संपते. थॉमस यांनी १९२० मध्ये एकेरीचे पहिले विजेतेपद मिळवले आणि १९२३ पर्यंत ते सोडले नाही. होगार्थ यांच्याबरोबरची जोडीही जणू मध्ये काही झालेच नाही अशी पुन्हा जमली : १९२०, १९२१, १९२२, सलग तीन.

पुढे आयर्लंडच्या फ्रँक डेव्हलिन आणि गॉर्डन मॅक यांचा काळ आला. या दोघांनी १९२६, १९२७ आणि नंतर १९२९ ते १९३१ अशी पुरुष दुहेरी जिंकली. मधले १९२८ कुणाचे? फ्रँक हॉज आणि ४६ वर्षांचे थॉमस यांचे. पहिल्या विजेतेपदानंतर २५ वर्षांनी!

बुद्धिबळातला हरलेला डाव

आता गंमत अशी, की बुद्धिबळप्रेमींना थॉमस आठवतात ते एका पराभवासाठी. १९१२ मध्ये लंडनला एडवर्ड लास्कर यांनी वजिराचा बळी देऊन त्यांच्या राजाला पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत फरफटत नेले आणि १८ व्या चालीत मात केली. तो डाव आजही यूट्यूबवर सापडतो. पण हेच थॉमस १९२३ आणि १९३४ चे ब्रिटिश बुद्धिबळ विजेते. म्हणजे १९२३ या एकाच वर्षी ऑल इंग्लंडची एकेरी आणि देशाचे बुद्धिबळ, दोन्ही त्यांच्याकडे! १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका आणि बोटविनिक या दोघांना हरवले. हरलेला डाव व्हायरल होतो, जिंकलेले शोधावे लागतात.

कप कधी आला?

१९३४ मध्ये नऊ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन केला. थॉमस त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५५ पर्यंत त्या पदावर राहिले. पुरुषांच्या सांघिक स्पर्धेसाठी त्यांनी १९३९ मध्ये चषक दिला आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. पुन्हा युद्ध, पुन्हा थांबणे. पहिली स्पर्धा १९४८-४९ मध्ये झाली. इंग्लंडमधल्या प्रेस्टन इथल्या अंतिम लढतीत मलायाने डेन्मार्कला ८-१ असे हरवले. त्या वेळी लढत नऊ सामन्यांची असे, पाच एकेरी आणि चार दुहेरी. १९८४ पासून तीन एकेरी आणि दोन दुहेरी झाली.

थॉमस यांनी लग्न केले नाही. २३ जुलै १९७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि बॅरोनेट ही पदवीही तिथेच संपली.

बँकॉकच्या त्या अंतिम लढतीत दुसरा सामना दुहेरीचा होता. मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज रंकीरेड्डी पहिला गेम हरले, दुसऱ्यात चार मॅच पॉइंट वाचवले आणि १८-२१, २३-२१, २१-१९ असे जिंकले. त्यामुळे भारत २-० ने पुढे गेला आणि नंतर श्रीकांतने कपावर शिक्कामोर्तब केले.