कुरणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

नागपूर : लहान मूल आधी चार पायांच्या प्रत्येक प्राण्याला ‘भूभू’ म्हणते, मग गाय वेगळी, शेळी वेगळी, हे त्याला उमगते. शहरातील मुले हे महाराजबागेत वा चित्रांच्या पुस्तकात शिकतात. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) कोसबाडच्या वारली मुलांना ते गुरे राखतानाच कळे. शाळेच्या लेखी मात्र ती मुले अडाणीच होती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांना हे मान्य नव्हते.

१८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई विवाहानंतर अमरावतीस आल्या. तो संसार टिकला नाही. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी माँटेसोरी पद्धतीचे काम केले. पण त्या पद्धतीची महागडी साधने खेड्याला कुठून परवडणार? १९४५ मध्ये बोर्डीला आल्यावर त्यांनी पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने मानली. रंग-आकार पाहून मुले त्यांचे गट लावू लागली.

१९५७ मध्ये काम कोसबाडला गेले. गुराखी मुले शाळेत येईनात, तेव्हा सहकारी अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी शाळाच कुरणात नेली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी चालवले.