व्सेवोलोद : मागून घेतलेलं नाव

रशियन नावांपैकी इव्हान, निकोलाय, अलेक्सेई ही मंडळी कादंबऱ्यांमुळे आपल्या ओळखीची झाली. ‘व्सेवोलोद’ म्हणताना मात्र जीभ अडखळते. नाव जुनं आणि अस्सल स्लाव्ह मातीतलं. त्यातलं ‘व्से’ म्हणजे सर्व आणि ‘वोलोद’ म्हणजे सत्ता चालवणं; ‘व्लादिमीर’मधला ‘व्लाद’ हा त्याचाच सख्खा भाऊ. गंमत अशी, की या ‘व्से’चं नातं भाषातज्ज्ञ संस्कृतातल्या ‘विश्व’शी लावतात. म्हणजे आपल्याकडे बारसं झालं असतं तर मुलाचं नाव विश्वनाथ पडलं असतं!

पूर्वी हे राजेरजवाड्यांचं नाव. बाराव्या शतकातल्या एका व्सेवोलोदला इतकी मुलं होती, की इतिहासात तो ‘मोठ्या घरट्याचा व्सेवोलोद’ म्हणूनच राहिला. प्स्कोव्हचा आणखी एक व्सेवोलोद संतपदाला पोचला, म्हणून चर्चच्या यादीत हे नाव टिकलं. त्याच्या पिढीतली कितीतरी स्लाव्ह नावं ग्रीक नावांच्या गर्दीत मागे पडली.

हेच नाव एका माणसानं कळत्या वयात आपणहून घेतलं. तो माणूस म्हणजे नाट्यदिग्दर्शक व्सेवोलोद मेयरहोल्ड. १८७४ साली पेन्झा गावी एका जर्मन कुटुंबात तो जन्मला. वडिलांचा मद्याचा कारखाना होता. पाळण्यातलं नाव कार्ल काझिमिर थिओडोर. १८९५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं घरचा लुथरन पंथ सोडून ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि नवं नाव घेतलं. बँकेत असताना नावबदलाचे पुष्कळ अर्ज माझ्या टेबलावरून गेले. प्रतिज्ञापत्र, गॅझेटचं कात्रण, नव्या सहीचा नमुना. कारण बहुधा लग्न, नाहीतर अंकशास्त्र. आवडत्या लेखकाचं नाव लावणारा खातेदार काही मला भेटला नाही.

मेयरहोल्डनं नेमकं तेच केलं. त्याचा लेखक होता कथाकार व्सेवोलोद गार्शिन. तुर्कस्तानाविरुद्धच्या युद्धात जखमी झालेला, दुसऱ्याचं दुःख सोसू न शकणारा माणूस. १८८० साली एका क्रांतिकारकाला फाशीची शिक्षा झाली, तेव्हा गार्शिन रात्री थेट लोरिस-मेलिकोव्ह या बड्या अधिकाऱ्याच्या घरी गेला आणि त्याला माफ करा म्हणून विनवू लागला. फाशी टळली नाही. पुढे मनाच्या आजारानं गार्शिनला घेरलं आणि १८८८ मध्ये, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, त्यानं जीव दिला. सर्वांवर राज्य करणाऱ्याचं नाव त्या मुलानं घेतलं ते एका कोवळ्या, हरलेल्या माणसाकडून. मला ही निवड फार बोलकी वाटते.

१८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरच्या ‘द सीगल’मध्ये त्यानं त्रेपलेव्ह उभा केला, पण स्तानिस्लाव्हस्कीचा वास्तववाद त्याला पुरेना. रंगमंच हा रंगमंचासारखाच दिसावा, नटाचं शरीर कसरतपटूसारखं तयार असावं, असं त्याचं म्हणणं. सरकारी नाटकगृहाच्या नोकरीत असताना बाहेरचे प्रयोग तो ‘डॉक्टर दापेर्तुत्तो’ या टोपणनावानं करी. (नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिणाऱ्याला यातली सोय लगेच कळते.) क्रांतीनंतर १९१८ मध्ये तो बोल्शेविक पक्षात गेला. १९२० नंतरच्या काळात मॉस्कोत खुद्द त्याच्या नावाचं थिएटर उभं राहिलं. आयझेन्स्टाइनसारखा सिनेदिग्दर्शक त्याच्या हाताखाली शिकला.

मग स्टालिनच्या राजवटीला त्याची कला परकी वाटू लागली. जानेवारी १९३८ मध्ये थिएटर बंद झालं. अशा वेळी त्याला जवळ केलं ते ज्याच्याशी त्याचं कधी पटलं नव्हतं त्या स्तानिस्लाव्हस्कीनं. पण त्याच वर्षी तोही गेला. जून १९३९ मध्ये मेयरहोल्डला अटक झाली. महिन्याभरात त्याची बायको, नटी झिनाइदा राइख हिचा घरातच सुऱ्यानं खून झाला. तुरुंगात पासष्ट वर्षांच्या या माणसाला तळपायांवर आणि पाठीवर रबरी पट्ट्यानं मारून हेरगिरीची कबुली घेतली गेली. ती त्यानं नंतर मागे घेतली, पंतप्रधान मोलोतोव्हला पत्रही लिहिलं. त्याच्यासाठी रात्री कुणाचं दार ठोठावणारा गार्शिन आता नव्हता. २ फेब्रुवारी १९४० रोजी त्याला गोळी घातली.

त्यानंतर त्याचं नाव पुस्तकांतून आणि नाट्यइतिहासातून गाळण्यात आलं. त्याचे कागद मात्र राहिले. झिनाइदाच्या पहिल्या लग्नाची, कवी येसेनिनची मुलगी तात्याना, हिनं ते शहराबाहेरच्या घरी नेऊन लपवले. पुढे आयझेन्स्टाइननं ते आपल्याकडे ठेवले, आणि कुणाला सुगावा लागू दिला नाही. वडिलांवरचा कलंक पुसावा म्हणून तात्यानानं सरकारदरबारी अर्ज केले. १९५५ मध्ये तो निर्दोष ठरला. तरी मृत्यूची खरी तारीख घरच्यांपासून लपवलेलीच राहिली. ती उघड व्हायला आणखी तीन दशकं जावी लागली.

पेन्झातल्या त्याच्या जन्मघरात पुढे संग्रहालय झालं. तिथं जन्मलेला मुलगा होता कार्ल. संग्रहालय आहे ते व्सेवोलोदच्या नावाचं.