फ्रान्सिस प्लेस : एका शिंप्याचे लोककार्य

श्रीसंत नामदेव महाराजांचे चरित्र आपल्या शिंपी समाजात घरोघरी ठाऊक आहे. परंतु सातासमुद्रापलीकडे आपल्याच व्यवसायातील एका गृहस्थाने राज्याचा कायदा बदलविला, ही हकीकत ज्ञातिबांधवांस फारशी परिचित नाही.

फ्रान्सिस प्लेस यांचा जन्म ३ नोव्हेंबर १७७१ रोजी लंडन येथे झाला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते कातडी विजारी शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिले. १७९१ मध्ये एलिझाबेथ चॅड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७९३ मध्ये या धंद्यातील कारागिरांनी संप केला. प्लेस यांना त्याची आधी वार्ताही नव्हती. तथापि काम सुटताच त्यांनी संपाची सर्व व्यवस्था अंगावर घेतली. गंगाजळी अधिक दिवस पुरावी म्हणून संपकऱ्यांकडूनच स्वस्त विजारी शिववून विकण्याची युक्तीही त्यांचीच. संप फसला, आणि पुढे सुमारे आठ महिने एकाही मालकाने त्यांना काम दिले नाही. घरात अन्नान्नदशा झाली. एक मूल देवीच्या रोगाने दगावले. त्या दिवसांतही त्यांनी वाचन सोडले नाही, ही गोष्ट मला सर्वांत थोर वाटते.

१८०१ मध्ये चेअरिंग क्रॉस येथे त्यांनी स्वतःचे शिवणकामाचे दुकान थाटले. दुकानामागील खोलीत मोठा ग्रंथसंग्रह होता. पण तो गिऱ्हाइकांपासून लपवावा लागे. शिंप्याने विद्याव्यासंग करावा हे काही प्रतिष्ठितांना रुचत नसे, व एकाने तर तेवढ्याच कारणावरून आपले काम काढून नेले. असे अनुभव आपल्याकडील वडीलधाऱ्यांसही नवे नसावेत!

१७९९ व १८०० च्या कायद्यांन्वये मजुरीवाढीसाठी कारागिरांनी एकत्र येणे हा गुन्हा ठरला होता. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन महिने सक्तमजुरी. मालकांच्या एकजुटीसही नावापुरती बंदी होती. शिक्षा मात्र कामगारांनाच होई. १८१७ मध्ये दुकान मुलाच्या स्वाधीन करून प्लेस लोककार्यास मोकळे झाले, आणि हे कायदे रद्द करविणे हे त्यांचे मुख्य ध्येय बनले. वस्तुतः ते आता स्वतः मालकवर्गातले होते. परंतु १७९३ सालची ती उपासमार ते विसरले नव्हते.

१८२४ मध्ये संसद-सदस्य जोसेफ ह्यूम यांच्या खटपटीने चौकशी समिती नेमली गेली. प्लेस यांना समितीत बसू दिले नाही. तेव्हा गावोगावच्या कामगार-प्रतिनिधींना आपल्या घरी बोलावून, प्रत्येकाची हकीकत ऐकून, त्यांनी साक्षींची टिपणे ह्यूम यांना तयार करून दिली. त्याच वर्षी कायदे रद्द झाले; कारागिरांना परदेशी जाण्यास असलेली मनाईही उठली. लागलीच संपांची लाट उसळली आणि मालकांनी पूर्वीचे निर्बंध परत मागितले. १८२५ च्या नव्या कायद्याने धाकदपटशावर कडक बंधने आली खरी, तरी मजुरी व कामाचे तास यांसाठी एकत्र येण्याचा हक्क शाबूत राहिला.

बंदी उठताच कामगार संघ आपोआप नाहीसे होतील, असा प्लेस यांचा होरा होता. तो साफ चुकला. उलट हे संघ वाढले. आपल्या देशात असा कायदा होण्यास १९२६ साल उजाडले. त्यामागे मुंबईच्या ना. म. जोशी यांचे परिश्रम होते.

१८३८ च्या ‘लोकांच्या सनदे’च्या मसुद्यातही प्लेस यांचा हात होता. १ जानेवारी १८५४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी जन्मभर जमविलेली कात्रणे व टिपणे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जतन करून ठेवलेली आहेत.