कायद्याची लढाई

शिरूर तालुक्यात भीमा नदीच्या काठी कोरेगाव भीमा हे गाव आहे. हीच नदी पुढे वाहत दौंड शहराजवळ येते. कोरेगावजवळ नदीकाठी एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे लढाई झाली. त्या लढाईतील इंग्रजी फौजेच्या शिपायांची नावे या स्तंभावर कोरली आहेत. त्यांत महार शिपायांचीही नावे आहेत.

१ जानेवारी १९२७ रोजी पस्तीस वर्षांचे एक बॅरिस्टर तेथे आले. ते होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. पण त्याआधी ते वकील आणि आमदार म्हणून कसे झगडले, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील फौजेत सुभेदार होते. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर बसावे लागे. तरीही ते अमेरिकेत व लंडनमध्ये शिकले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे काम देण्यास पुष्कळ जण कचरत. म्हणून मिळेल तो लहानमोठा खटला त्यांनी घेतला. १९२६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात त्यांनी केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष सुटले.

फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. तेथे त्यांनी वतनाचा प्रश्न हाती घेतला. वतन म्हटले की उर्दूत तुम्हांला मायदेश आठवतो. मराठीत मात्र वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेले काम व त्याबद्दल मिळालेली जमीन. महार वतनदारांना निरोप पोचवणे, सरकारी ओझी वाहणे, गावाची राखण करणे अशी कामे रात्री-अपरात्री करावी लागत. मोबदला म्हणून थोडी जमीन आणि बलुत्याचे धान्य मिळे. जमीन थोडी आणि वाटेकरी अनेक. शिवाय त्या जमिनीच्या आशेने माणूस गावाच्या चाकरीला बांधला जाई. १९२८ मध्ये त्यांनी हे बंधन सोडवणारे विधेयक मांडले. पण त्यात असे फेरफार झाले, की मूळ हेतूच उरला नाही. १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

तरी ते खचले नाहीत. कामगार स्त्रियांना बाळंतपणात रजा व भत्ता मिळावा, या विधेयकाला त्यांनी १९२८ मध्ये पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३७ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले. कोकणातील कुळांची पिळवणूक करणारी खोती बंद करण्याचे विधेयक त्यांनी त्याच वर्षी मांडले. तेही तेव्हा मंजूर झाले नाही. खोती बंद करणारा कायदा १९४९ मध्ये आला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. महार वतन रद्द करणारा कायदा त्यानंतर, १९५८ मध्ये झाला. विधेयक मांडल्यापासून तीस वर्षे गेली होती.

मित्रांनो, गावच्या एखाद्या जुन्या सातबाऱ्यावर तुम्हांला महार वतन हे शब्द दिसतील. तेव्हा ही हकिगत आठवा आणि घरच्यांनाही सांगा.