सराव सामन्यातल्या धावा किती खऱ्या मानायच्या? नागपूरच्या सी. के. नायडूंची कारकीर्द काय सांगते

मोसम सुरू होण्याआधी सराव सामने होतात. एखादा फलंदाज त्यात शतक ठोकतो आणि लगेच चर्चा सुरू होते, यंदा हा गाजवणार. एखादा दोनदा शून्यावर बाद होतो आणि त्याला संघातून काढा म्हणून लोक ओरडायला लागतात. लकडगंजच्या मैदानावरची टेनिस बॉलची टीम असो नाहीतर भारताचा संघ, वाद एकच. सराव सामन्यातल्या धावांवरून खऱ्या सामन्यातल्या धावा सांगता येतात का?

हा प्रश्न समजून घ्यायला नागपूरकरांना लांब जायची गरज नाही. भारताचा पहिला कसोटी कर्णधार याच शहरात जन्मला. त्याची सगळी कारकीर्द म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याचं नाव कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू.

३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातल्या एका तेलुगू भाषक कुटुंबात नायडूंचा जन्म झाला. शिक्षण नागपुरात झालं आणि क्रिकेटही ते इथंच शिकले. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून ते पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. समोर युरोपियन संघ होता आणि आपल्या संघाची अवस्था बिकट होती. नवख्या खेळाडूनं अशा वेळी खाली मान घालून खेळावं अशी अपेक्षा असते. नायडूंनी खातं उघडलं तेच षटकारानं. पुढची चाळीस वर्षं त्यांची ओळख हीच राहिली. उंच, ताठ बांधा आणि लांब जाणारे षटकार.

पुढे १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांनी त्यांना बोलावून घेतलं. होळकरांच्या सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला आणि कर्नल ही उपाधी नावाला कायमची चिकटली.

आता येतं १९२६ साल. ऑर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारताच्या दौऱ्यावर आला होता. तेव्हा भारताला कसोटी खेळायला मिळत नव्हती. त्यामुळे या दौऱ्यातला एकही सामना अधिकृत कसोटी नव्हता, पण पाहुणे आपल्या क्रिकेटची पारख करतायत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाविरुद्ध एमसीसीच्या गाय अर्ल यांनी ८ षटकार मारून १३० धावा केल्या. त्याला उत्तर म्हणून नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा ठोकल्या. ११ षटकार आणि १३ चौकार. एमसीसीनं खूश होऊन त्यांना चांदीची बॅट भेट दिली. त्याच महिन्यात मुंबईतच अखिल भारतीय संघाकडून पुण्याच्या दि. ब. देवधरांनी एमसीसीविरुद्ध १४८ धावा काढल्या.

या खेळ्यांमुळे भारतीय संघ कसोटीच्या लायक आहे ही भावना पक्की झाली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं आणि १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला निघाला.

म्हणजे कसोटी नसलेल्या सामन्यांवरून बांधलेला एक अंदाज बरोबर निघाला. भारतात या पातळीवर खेळू शकणारी माणसं आहेत, हा तो अंदाज. पण प्रत्यक्ष कसोटीत ती माणसं किती धावा करतील, हा प्रश्न वेगळा होता. तिथंच खरी गंमत आहे.

१९३२ च्या दौऱ्यावर कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार होते लिंबडीचे घनश्यामसिंहजी. दोघंही कसोटीत खेळले नाहीत आणि नेतृत्व नायडूंकडे आलं. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. आजकाल या वयात खेळाडू निवृत्तीची भाषा करतात.

कसोटी लॉर्ड्सवर होणार होती. त्याच मैदानावर मे महिन्यात भारतीय संघ एमसीसीविरुद्ध खेळला होता आणि नायडूंनी नाबाद ११८ धावा काढल्या होत्या. मैदान तेच, देश तोच आणि मध्ये जेमतेम महिन्याचं अंतर. यापेक्षा चांगला सराव सामना कुठला असणार? मग कसोटीतही नायडू शतक काढतील असं कुणी म्हटलं असतं तर त्यात काही वावगं नव्हतं.

२५ जून १९३२ ला कसोटी सुरू झाली. नायडूंनी पहिल्या डावात ४० आणि दुसऱ्या डावात १० धावा केल्या. क्षेत्ररक्षण करताना त्यांना दुखापत झाली होती आणि वेदना सहन करत ते फलंदाजीला उतरले होते. तरी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक धावा त्यांच्याच होत्या. भारताचे डाव १८९ आणि १८७ वर आटोपले आणि इंग्लंडनं १५८ धावांनी सामना जिंकला.

अंदाज फसला तो फक्त भारताचाच नाही. इंग्लंडचे सलामीवीर होते यॉर्कशायरचे हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स. कसोटीच्या दहाच दिवस आधी या जोडीनं लेटन इथं एसेक्सविरुद्ध ५५५ धावांची सलामी दिली होती. तेव्हाचा तो विक्रम होता. जगातली सगळ्यात फॉर्मात असलेली जोडी हीच. लॉर्ड्सवर मोहम्मद निसार यांनी दोघांचे त्रिफळे उडवले. सटक्लिफ ३, होम्स ६. मग फ्रँक वुली धावबाद झाले आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. दहा दिवसांपूर्वीच्या ५५५ धावा निसार यांच्या वेगापुढे काही उपयोगाच्या नव्हत्या.

असं का होतं? त्याची तीन साधी कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे समोर कोण आहे. एमसीसी हा क्लब होता, एसेक्स ही काउंटी होती. कसोटीत मात्र समोर देशातले निवडक ११ जण असतात. लॉर्ड्सवर भारतासमोर बिल बोज आणि बिल व्होस होते. त्याच हिवाळ्यात हे दोघं डग्लस जार्डिन यांच्यासोबत ऑस्ट्रेलियात गेले आणि तो दौरा बॉडीलाइन म्हणून गाजला. यावरून गोलंदाजी कुठल्या दर्जाची होती ते कळतं.

दुसरं कारण म्हणजे सामना कशासाठी खेळला जातोय. सरावात कुणी नवा चेंडू आजमावत असतो, कुणी दुखापतीनंतर अंग मोकळं करत असतो, तर कर्णधार सगळ्यांना संधी देत असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर हे फार स्पष्ट दिसतं. तिथं मोसमाआधीच्या सामन्यांत मुख्य क्वार्टरबॅक थोडाच वेळ खेळतो आणि आक्रमणाच्या ठेवणीतल्या चाली प्रशिक्षक मुद्दाम लपवून ठेवतात. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्स संघानं मोसमापूर्वीचे चारही सामने जिंकले आणि मोसमातले सगळे १६ सामने हरले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचंही डिट्टो हेच झालं. चार विजय, मग १६ पराभव.

तिसरं कारण आकड्यांचं आहे. थोड्या डावांवरून काढलेली सरासरी एका खेळीनं इकडची तिकडे होते. नायडूंच्याच कारकिर्दीत हे पाहता येतं. १९३३-३४ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हाही ते कर्णधार होते. मुंबईच्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी भारताचं पहिलं कसोटी शतक काढलं, तेव्हा त्यांच्यासोबत १८६ धावांची भागीदारी करणारे नायडूच होते. त्यात त्यांच्या ६७ धावा होत्या. १९३६ मध्ये ओव्हलवर शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा चेंडू अंगावर बसला, तरी ते उभे राहिले आणि ८१ धावा काढून गेले. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती.

सगळा हिशेब मांडला तर ७ कसोटी, १४ डाव, ३५० धावा आणि सरासरी बरोबर २५. आता त्यातली ओव्हलची एक खेळी बाजूला काढा. उरतात १३ डावांत २६९ धावा आणि सरासरी येते २०.६९ वर. एक दुपार वगळली तर माणूस एवढा बदलतो का? माणूस तोच असतो. १४ डावांची शिदोरीच एवढी छोटी आहे की एका घासानं ती निम्मी दिसायला लागते.

मग सराव सामने आणि इतर सामने निरुपयोगी म्हणायचे का? तसंही नाही. १९३२ च्या दौऱ्यात नायडू सगळेच्या सगळे २६ प्रथम श्रेणी सामने खेळले. त्यांनी १६१८ धावा केल्या, सरासरी होती ४०.४५. त्यात ५ शतकं आणि ३२ षटकार होते, शिवाय ६५ बळी. एवढ्या सामन्यांत, वेगवेगळ्या मैदानांवर आणि वेगवेगळ्या गोलंदाजांसमोर असे आकडे आले की त्याला योगायोग म्हणता येत नाही. विस्डेननं १९३३ साली त्यांना वर्षातल्या पाच खेळाडूंमध्ये निवडलं. एका सराव सामन्यातलं शतक पुढच्या कसोटीतल्या धावा सांगत नाही, पण अख्ख्या दौऱ्यातले आकडे खेळाडूचा दर्जा सांगतात. आणि दर्जा खरा होता की नाही, हे पुढच्या वर्षांनी दाखवून दिलं.

५० वर्षांचे असताना, १९४५-४६ च्या मोसमात त्यांनी होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वोच्च खेळी. त्यांच्या काळात होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. त्यानंतर १९५६-५७ च्या मोसमात, ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळत होते आणि शेवटच्या डावात त्यांनी ५२ धावा काढल्या. एकूण २०७ प्रथम श्रेणी सामन्यांत ११,८२५ धावा आणि ४११ बळी असा त्यांचा हिशेब आहे. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचं निधन झालं.

आज कुणी फक्त कसोटीचा रकाना उघडला तर त्याला २५ ची सरासरी दिसेल आणि तो म्हणेल, यात काय विशेष? फक्त जिमखान्यावरचे ११ षटकार ऐकले तर वाटेल की हा माणूस रोज दीडशे काढत असणार. दोन्ही चूक. कसोटीची दारं उघडली तेव्हा नायडूंची ऐन उमेदीची वर्षं सरत आली होती. त्यामुळे त्यांच्या बाबतीत छोटा आकडा कसोटीचा आहे आणि मोठा आकडा बाकीच्या क्रिकेटचा. पारख मोठ्या आकड्यावरच करावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी सराव सामन्याचं धावफलक नाचवत आलं तर तीन गोष्टी विचारायच्या. समोर गोलंदाज कोण होते, सामना कशासाठी होता आणि असे किती सामने झाले? तिन्हींची उत्तरं दमदार असतील तर आकडा मनावर घ्यायचा. नसतील तर पोराला आणखी दहा सामने खेळवायचे, मग ठरवायचं. शतकामुळे घाई करायची नाही आणि शून्यामुळेही नाही.

नायडूंच्या नावानं आज बीसीसीआय तरुण खेळाडूंची स्पर्धा भरवते आणि १९९४ पासून जीवनगौरव पुरस्कारही देते. कारकीर्दीच्या सुरुवातीला असलेली पोरं आणि ती संपवून बसलेले दिग्गज, दोघांच्याही वाट्याला एकाच माणसाचं नाव येतं. एवढा लांब पल्ला गाठलेल्या खेळाडूला एका डावावरून तोलता येत नाही, मग तो डाव ११८ चा असो की १० चा.