सावित्रीबाईंच्या घराचे दार

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे कार्यकारिणीने सुचवले तेव्हा मी सावित्रीबाई फुले यांचे नाव सांगितले. त्यावर एक-दोघे म्हणाले, अहो, त्यांच्याबद्दल तर शाळेतच सगळे वाचून झाले आहे. खरे आहे. भिडे वाड्यातली शाळा, अंगावर फेकलेले शेणगोळे, पिशवीत ठेवलेले दुसरे लुगडे हे आपल्या मुलांनासुद्धा पाठ असते. परंतु घरात किंवा गावात जिच्यावर अत्याचार झाला, जिला फसवले गेले आणि वर तिलाच दोषी ठरवले गेले, अशा स्त्रीसाठी सावित्रीबाईंनी जे केले ते आपल्या बोलण्यात फारसे येत नाही. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, पोटासाठी दिल्लीत आलेला तुमच्यापैकीच एक. तरीही त्यांच्या चरित्राचा हा भाग आपल्यापुढे ठेवावासा वाटला.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे जोतीराव फुले यांच्याशी लग्न झाले. तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे होते. लिहायला-वाचायला त्या सासरी येऊन, पतीकडूनच शिकल्या. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा-अठरा वर्षांच्या सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. समाजाच्या दडपणामुळे सासरे गोविंदराव यांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. नेसत्या वस्त्रानिशी घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे सावित्रीबाईंनी अशा रीतीने स्वतः अनुभवले होते. पुढे इतरांना आसरा देताना ही गोष्ट त्या विसरल्या नसाव्यात, असे मला वाटते.

शाळेत जाताना रस्त्यात लोक त्रास देत. एकदा एका धटिंगणाने वाट अडवून धमकावले, तेव्हा बाईंनी त्याच्या थोबाडीत लगावली, अशी त्या काळची आठवण सांगतात. आज आपण ज्याला छेडछाड म्हणतो, तिला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेले हे उत्तर! दुसऱ्या दिवशीही त्या शाळेत गेल्या, हे मला त्या थोबाडीत मारण्यापेक्षा मोठे वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळी उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत, अनेकदा वयाने कितीतरी मोठ्या पुरुषाशी. नवरा गेला की मुलगी जन्माची विधवा. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण तो कागदावरच. केस काढलेली, एक वेळ जेवणारी ही तरुण मुलगी घरातल्या राबत्या हातांपैकी एक होऊन राही. तिच्यावर हात टाकणारा बहुतेक वेळा बाहेरचा नसे. दीर, सासरा, जवळचा नातेवाईक, नाहीतर शेजारचा मान्यवर असे. दिवस राहिले की तो नामानिराळा होई आणि तिच्यापुढे विहीर, विषारी औषध किंवा जन्मलेल्या बाळाचा गळा एवढेच मार्ग उरत.

१८६३ साली पुण्यात असेच घडले. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिला फसवले. दिवस राहिल्यावर त्याने हात वर केले. घाबरलेल्या काशीबाईने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. खटला झाला आणि तिला जन्मठेप देऊन अंदमानला पाठवण्यात आले. शास्त्रीबुवाला कोणी काही विचारले नाही. गुन्हा तिच्या नावावर लिहिला गेला, आणि तिला त्या टोकाला ढकलणारा उजळ माथ्याने फिरत राहिला.

फुले दांपत्याला ही गोष्ट फार लागली. त्यांनी लगोलग आपल्या राहत्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुण्याच्या गल्लीबोळांत भिंतींवर त्याच्या जाहिराती लावल्या. संकटात सापडलेल्या विधवांनी येथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की येथे ठेवायचे हे त्यांनीच ठरवावे, असा त्यांचा आशय होता. यातली प्रत्येक अट नीट पाहा. बाईचे नाव गुप्त. तिच्यावर दोषारोप नाही. निर्णय तिचा. आज समुपदेशनाच्या शिबिरांत जी तत्त्वे शिकवतात, ती या दांपत्याने १८६३ साली अनुभवातून शोधली होती.

कल्पना जोतीरावांची म्हटली, तरी रोजचे काम सावित्रीबाईंचे होते. रात्री-अपरात्री दार वाजले की उठायचे, आलेल्या बाईला आत घ्यायचे, बाळंतपण निभावायचे, खाणेपिणे, न्हाऊमाखू, तान्ह्यांची उठबस, हे सगळे त्यांच्याकडे. स्वतःला मूलबाळ नसताना दुसऱ्यांची बाळंतपणे त्यांनी आईच्या मायेने केली. येणाऱ्या बहुतेक स्त्रिया ब्राह्मण घरांतल्या, म्हणजे ज्या समाजातील काहीजण बाईंवर शेण फेकत होते त्याच समाजातल्या. त्यांनी त्याचा हिशेब कधी केला नाही. १८८४ सालापर्यंत पस्तीस गरोदर विधवा या घरात आल्याची नोंद जोतीरावांनी स्वतः केली आहे. १८७५ साली पंढरपुरातही असे गृह निघाले, ते प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने.

१८७४ साली या घरात आणखी एक काशीबाई बाळंत झाली. नाव एकच असल्यामुळे पुष्कळदा दोघींची गल्लत होते. अंदमानला गेलेली वेगळी आणि ही वेगळी. हिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले आणि १८८७ सालच्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस ठरवले. पुढे यशवंताचे लग्न ठरल्यावर सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला आधीच घरी आणून ठेवले, मुलामुलीची ओळख व्हावी म्हणून. मुलीलाही आपले मत असते, हे त्या घरात गृहीत होते.

आणखी एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १८६८ साली सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले आणि ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे उघड झाले. गावकऱ्यांनी दोघांना मारहाण करीत गावातून फिरवले आणि ठार मारायच्या बेतात होते. बातमी कळताच सावित्रीबाई धावत गेल्या. असे खून केलेत तर इंग्रज सरकारच्या कायद्याने काय शिक्षा होते, हे त्यांनी जमावाला बजावले. अखेर दोघांनी गाव सोडावे यावर तडजोड झाली आणि बाईंनी त्यांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवले. हे सारे त्यांनी २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात पतीला कळवले आहे. अब्रूच्या नावाने जीव घेण्याचे प्रकार आपल्या दिल्लीच्या आसपास आजही वर्तमानपत्रांत वाचायला मिळतात. जमावापुढे उभी राहणारी अशी एक बाई मात्र क्वचितच दिसते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तकपुत्राने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९३ साली, म्हणजे पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला त्याच वर्षी, सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला, पण त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, हे चरित्र लिहिताना माझ्या मनात आपली दिल्ली होती. आपण करोल बाग, पहाडगंज, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद असे विखुरलेले. लग्न होऊन इथे आलेल्या आपल्या लेकीचे माहेर हजार-दीड हजार किलोमीटर दूर. रात्री काही झाले तर ती जाणार कुठे? सरकारी क्वार्टरच्या दुरुस्तीची कामे आमच्याकडे असतात. एकाच घरातून दाराची कडी तुटल्याची तक्रार वर्षात तीनदा आली, तर कडीचा दोष नसतो, हे आमचा जुना सुतारसुद्धा जाणतो. शेजाऱ्यांनाही आवाज ऐकू येतात. पण घरातला मामला म्हणून सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात.

काशीबाईच्या वेळी कायदा बाईच्याच विरुद्ध उभा होता. आज तसे नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा बायकोबरोबरच आई, बहीण, लग्नाशिवाय सोबत राहणारी स्त्री यांनाही संरक्षण देतो आणि तिला घरातून बाहेर काढता येत नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ साली कायदे कडक झाले. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातील पीडितेवर कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. आपल्या भागात तीन राज्यांचे पोलीस, त्यामुळे हद्दीचा प्रश्न हमखास निघतो. पण गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते; त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक आहेत. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, उपचार आणि वकील यांची सोय एका ठिकाणी होते.

परंतु फोन लावण्याआधी तिला एक ओळखीचे दार लागते. तेवढ्यासाठी मंडळाला माझ्या तीन सूचना आहेत. हे क्रमांक आरतीच्या पत्रकाच्या मागे छापावेत. महिला मंडळातील दोन-तीन जबाबदार भगिनींची नावे जाहीर करावीत, ज्यांच्याकडे कोणीही मोकळेपणाने जाऊ शकेल आणि ऐकलेले त्यांच्यापाशीच राहील. आणि तिसरी सर्वांत अवघड: मंडळाची अब्रू जाईल म्हणून समेटाची बैठक घेऊन तिला परत पाठवू नये. परत जायचे की नाही, हे तिने ठरवावे. आपल्या मुलग्यांनाही हे चरित्र पूर्ण वाचायला द्यावे, कारण सावित्रीबाईंइतकेच त्यातले जोतीरावही त्यांना कळायला हवेत.

पुण्यातल्या त्या घराच्या आवारात जागा फार मोठी नव्हती आणि पैसाही बेताचाच होता. तरी पस्तीस जणी सुखरूप बाळंत झाल्या. आपले मंडळ त्याहून पुष्कळ मोठे आहे. विघ्नहर्त्याच्या चरणी एवढेच मागणे, की आपल्यातल्या कोणा लेकीने रात्री दार ठोठावले तर ते उघडण्याची बुद्धी आपल्या सर्वांना मिळो.

गणपती बाप्पा मोरया!