घाशीराम कोतवाल : न्यायासनावरील आरोपी

मराठी नाट्यविचारात घाशीराम कोतवालाचा उल्लेख विजय तेंडुलकरांच्या नाटकाच्या संदर्भातच प्रामुख्याने होतो. परिणामी नाटकातील पात्र आणि इतिहासातील व्यक्ती यांची सरमिसळ होते. ही सरमिसळ दूर करून घाशीरामाच्या चरित्राकडे पाहिले असता, न्याय देणाराच गुन्हेगार असेल तर त्याचा न्याय कोणी करावा, हा प्रश्न प्रकर्षाने पुढे येतो.

घाशीराम सावळदास हा मूळचा औरंगाबादकडील गौड ब्राह्मण. पुण्यात आल्यावर नाना फडणीसांची मर्जी संपादन करून तो शहराचा कोतवाल झाला. कन्या नानांस अर्पण करून त्याने हे पद मिळविले, ही कथा दंतकथेच्या अंगाने रूढ झाली असून तिला ऐतिहासिक सत्याचा दर्जा देता येत नाही.

कोतवाली म्हणजे केवळ पहारा नव्हे. रस्त्यावरील व पेठांतील तंटे तोडणे, बाजारभावांवर देखरेख ठेवणे, घरजागांच्या खरेदी-विक्रीची नोंद करणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती ठेवणे, रात्रीची गस्त घालून संशयितांस अटकेत टाकणे, अशी नानाविध कामे या एका पदाकडे होती. चिंचवडसारख्या इनामगावात किंवा चाकण परगण्यातील खेड्यांत पाटील, पंचायत आणि गोतसभा यांच्यापुढे तंटा उघडपणे चाले. शहरात मात्र पकडणारा, चौकशी करणारा आणि दंड वसूल करणारा अधिकारी एकच होता. घाशीरामाच्या जुलमाचे मूळ त्याच्या स्वभावाइतकेच या अधिकार-संकेंद्रणातही शोधावे लागते.

ऑगस्ट १७९१ मध्ये या सत्तेचा शेवट झाला. श्रावणातील दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी सुमारे ३५ जणांस कोतवालाच्या बागेतील फळे तोडल्याच्या आरोपावरून एका कोंदट कोठडीत डांबण्यात आले. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडून ती उघडेपर्यंत त्यांतील २१ जण गुदमरून मृत्यू पावले होते. कैदी चोर होते, असा बचाव घाशीरामाने नानांपुढे मांडला. परंतु ब्रह्मवृंद खवळला. न्यायाधीश अय्याशास्त्री यांनाही क्षुब्ध जमावास सामोरे जावे लागले. अखेर नानांनी कोतवालास त्या जमावाच्या स्वाधीन केले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी दगडांच्या वर्षावात त्याचा अंत झाला.

हाइनरिख फोन क्लाइस्ट या जर्मन नाटककाराची 'फुटका घडा' ही सुखात्मिका १८०८ मध्ये वायमार येथे प्रथम रंगभूमीवर आली. तिच्याशी तुलना केल्यास या चरित्राचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. त्या नाटकातील ग्रामन्यायाधीश आदाम रात्री एव्हच्या खोलीतून पळताना घडा फोडतो आणि सकाळी त्याच घड्याच्या खटल्यात न्याय द्यावयास बसतो. तेथे त्याच्यावर तपासनीस वाल्टर आहे, शेजारी सर्व उमजून असलेला कारकून लिश्ट आहे, समोर हट्टी फिर्यादी मार्था आहे. या पात्रांमुळे सत्य हळूहळू उघड होते आणि आदामाला केवळ पद सोडून पळावे लागते. म्हणूनच ते नाटक सुखात्मिका राहू शकते. तरीही मार्थाचा घडा भरून मिळत नाही. दाद मागण्यासाठी तिला उत्रेख्तकडेच जावे लागणार असते.

घाशीरामाच्या पुण्यात वाल्टरची जागा रिकामी होती. जो वरिष्ठ त्याची तपासणी करू शकत होता, तोच त्याचा आश्रयदाता होता. पदावर असताना त्याची झडती झाली नाही. आणि झाली तेव्हा न्यायाची जागा सूडाने घेतली. एक माणूस मारला गेला. त्याला ते सामर्थ्य देणारी व्यवस्था मात्र अबाधित राहिली.

मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये घाशीरामाच्या नावाने पुस्तक लिहिले, आणि १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल' पुण्यात रंगभूमीवर आले. जब्बार पटेल दिग्दर्शित या प्रयोगाने घाशीरामाकडून नानांकडे, म्हणजे हस्तकाकडून सूत्रधाराकडे, प्रेक्षकाची दृष्टी वळविली. नाटकाने इतिहासाची मोडतोड केली, असा आक्षेप घेतला गेला. तपशिलांपुरता तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु उत्तरदायित्वाचा जो प्रश्न १७९१ मध्ये दगडांखाली गाडला गेला, तो या नाटकाने पुन्हा उपस्थित केला, हे मान्य करावे लागते. घाशीरामाच्या चरित्राचे वाङ्मयीन महत्त्व त्या प्रश्नातच सामावलेले आहे.